न्हाणीघराची कडी

“मी चप्पल काढून हुबी ऱ्हाणार हाय त्यावर,” आत्या म्हणाल्या आणि काठी माझ्या हातात देऊन खरोखरच चपलेतून पाय काढायला लागल्या.

टाइल्सच्या दुकानाचे मालक निकम गळ्यात टाय बांधून उभे होते. त्यांनी आधी आत्यांच्या पायांकडे पाहिलं, मग काठीकडे, मग माझ्याकडे. या म्हातारीला आवरा, हे माणूस तोंड न उघडता किती स्पष्ट सांगू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

“आजी, हे डिस्प्लेचे पीस आहेत. हात फिरवून बघा ना. कशी खरखरीत लागतेय बघा.”

“हात कशाला फिरवू? आंगुळीला मी काय हातावर चालत जाती व्हय?”

पलीकडे वॉशबेसिन बघणारं एक जोडपं हसलं. मला काही हसू आलं नाही. कारण आदल्या आठवड्यात मी एकटीच या दुकानात येऊन गेले होते, याच वाळूच्या रंगाच्या टाइलवरून मोठ्या जाणकारासारखा तळहात फिरवला होता आणि ‘छान आहे हो, अजिबात घसरणार नाही’ असं सर्टिफिकेट देऊन ती पसंत करून टाकली होती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूयाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचं कराडातलं घर तेव्हा नवंकोरं होतं. माझ्या मिस्टरांनी, उदयरावांनी, ते हौसेनं बांधलं होतं आणि बाथरूमला पांढऱ्याशुभ्र, तोंड दिसेल अशा टाइल्स घातल्या होत्या. पाहुणे आले की हे चहाच्या आधी त्यांना बाथरूम दाखवायचे. पाहुण्यांनी वा वा केल्याशिवाय चहा मिळायचा नाही. त्याच टाइल्सवर ऐन पावसाळ्यात आत्यांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

पडण्यापेक्षा वाईट ते पुढचं. दाराला आतून कडी होती. नळ वाहत होता, आम्ही हाका मारत होतो आणि आतून काही आवाज येत नव्हता. शेवटी उदयरावांनी खांद्यानं धडका देऊन दार फोडलं. आत्या शुद्धीवर होत्या, पण वेदनेनं त्यांची वाचाच बसली होती.

ऑपरेशन झालं. दार दुरुस्त झालं. आत्या वॉकर सोडून काठीवर आल्या. फक्त कडी काही परत बसली नाही. उदयरावांनी ती काढून टाकली आणि दारावर नुसती स्क्रूची भोकं राहिली. तेव्हापासून आत्यांची आंघोळ अर्धवट उघड्या दारानं व्हायची. बाहेर स्टूल टाकून मी पाठमोरी बसायची आणि दर थोड्या वेळानं विचारायची, “आत्या, बरं आहे ना?” आत्या उत्तर द्यायच्या नाहीत, नुसता तांब्या आपटायच्या.

एकदा जेवताना त्यांनी विषय काढला.

“उदा, कडी बशीव.”

“आई, टाइल्स बदलू आपण. भिंतीला धरायला दांडा बसवू. तू म्हणशील ते करू. पण कडी नाही.”

“न घसरणाऱ्या फरशा आणल्या तर?”

“तशा नसतात. ओल्यात सगळंच घसरतं.”

“आन् असल्या तर?”

उदयरावांना भाकरीचा घास सुखानं खायचा होता. ते वैतागून म्हणाले, “असल्या तर मी माझ्या हातानं कडी लावून देईन. झालं?”

ते बोलून गेले आणि विसरले. आत्या विसरल्या नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून माझ्या मागे लागल्या, मला दुकानात ने म्हणून. मी एकटीच जाऊन टाइल पसंत करून आले, तर म्हणाल्या, “तू पसंत केलीस. माझ्या पायानं कुठं केलीय?”

तर अशा आम्ही त्या दुकानात उभ्या होतो. आत्यांनी पिशवीतून पितळी तांब्या काढला, शिकेकाईची पुडी काढली, खोबरेल तेलाची बाटली काढली आणि सगळं ओळीनं जमिनीवर मांडलं. निकमांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

“अहो आजी, ही कंपनीनं तपासून दिलेली टाइल आहे. मागं बघा, आर दहा लिहिलंय. किती घसरते त्याचा तो नंबर असतो. उतारावर तेल ओतून त्यावर माणसाला चालवून बघतात.”

“अनवाणी?”

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. “नाही. बूट घालून.”

“बूट घालून आंगुळ करत्यात का त्यांच्यात?”

ते जोडपं आता वॉशबेसिन सोडून आमच्याकडेच येऊन उभं राहिलं. निकमांनी हात टेकले. त्यांनी ती टाइल जमिनीवर ठेवली, खाली रबराचा तुकडा घातला आणि आत्यांनी तिच्यावर शिकेकाईचं फेसाळ पाणी ओतलं. मी त्यांचा एक दंड धरला. त्यांनी उजवा पाय टाइलवर ठेवला आणि भार दिला.

पाय सटकन पुढे गेला.

मी त्यांच्या कमरेला मिठी घातली, निकमांनी दुसरा हात धरला, आणि आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. लागलं काहीच नव्हतं. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. एवढी जिद्दी बाई, पण भीती तिच्या पायात अजून तशीच बसलेली होती. कोरड्या तळहातानं मी पास केलेली टाइल समोर ओली पडली होती. तिच्याकडे बघवेना मला.

“घरी जाऊ या आत्या,” मी म्हटलं. “पुरे झालं.”

त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि निकमांना म्हणाल्या, “फुडची काढा.”

निकमांनी गुपचूप आपले बूटमोजे काढले. “आजी, तुम्ही बसा. मी उभा राहून बघतो आणि सांगतो.”

“तुमच्या पायाला भ्या कुठं ठावं हाय? माझ्याच पायाला इचारलं पायजे.”

मग निकम एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, मध्ये आत्या, अशी आमची वरात टाइलीमागून टाइलीवर चढायला आणि उतरायला लागली. कुठली पाण्यात धरायची आणि शिकेकाईत सोडायची, कुठली शिकेकाईतही धरायची आणि तेलाचा थेंब पडला की दगा द्यायची. एक मात्र काहीही ओता, हलू देत नव्हती. तिच्यावर खडे बसवल्यासारखे उंचवटे होते. आत्यांनी पाय फिरवून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्यावर मसाला वाटावा. टाचा सोलून निघतील माझ्या.”

“आणि या खाचांत मळ बसला की तो काढणार कोण?” मी म्हटलं. “साबणाचा थर साचला की हीसुद्धा महिन्याभरात गुळगुळीत होणार.”

“आता हिला कळाय लागलं,” आत्या निकमांना म्हणाल्या. एवढ्या गडबडीतही मला बरं वाटलं.

निकम कमरेवर हात ठेवून विचार करत राहिले. त्यांचा टाय एव्हाना खिशात गेला होता. “अनवाणी पायांची परीक्षा वेगळी असते,” ते म्हणाले. “ए, बी, सी अशी. आपल्याकडे कुणी विचारत नाही. ती लागते स्विमिंग पूलवाल्यांना. थांबा, गोडाऊनमध्ये एका पूलच्या कामातली उरलेली आहे. पण रंग तुम्हाला आवडायचा नाही.”

ते स्वतःच जाऊन घेऊन आले. जाळीवर चिकटवलेले लहान लहान चौकोन होते, विड्याच्या पानाच्या डब्यात सुपारीचं खांड ठेवतात ना, तेवढाले. रंग अगदी शेवाळाचा.

“एवढ्या सांधी?” मी म्हटलं.

“सांधींमुळेच तर पाय धरतो, वहिनी. चौकोन जेवढे लहान तेवढ्या सांधी जास्त. वरचा भागही खरबरीत आहे, पण टोचत नाही.”

आत्यांनी पाणी ओतलं, शिकेकाई ओतली, वर तेल ओतलं. पाय ठेवला. भार दिला. त्यांनी पाऊल पुढं रेटलं, मागं रेटलं, टाचेवर गोल फिरवलं. मग माझ्या हातातून त्यांनी आपला दंड सोडवून घेतला आणि दुसरा पायही वर ठेवला. त्या शेवाळावर त्या एकट्या उभ्या राहिल्या.

“धरलं गं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. पडल्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर तसं हसू मी पाहिलं नव्हतं.

घरी उदयरावांनी नमुना बघून कपाळाला हात लावला. “शेवाळ! लोक शेवाळ घासून काढतात आणि तुम्ही घेऊन आलात? पाहुण्यांना काय दाखवू मी?”

“पाव्हण्यांना चहा दे,” आत्या म्हणाल्या.

फरशी फोडायच्या आदल्या दिवशीची आंघोळ मला आठवते. मी नेहमीसारखी स्टुलावर पाठमोरी बसले होते. आत पाणी पडत होतं. मी सहज म्हटलं, “आत्या, एक विचारू? दार नुसतं लोटून घेतलं तर नाही का चालायचं? मी इथं बसते, चिटपाखरूही फिरकू देणार नाही. कडीच कशाला पाहिजे?”

तांब्या आपटेल असं मला वाटलं होतं. तो आपटला नाही. पाणी थांबलं.

“तिकडं गावाकडं न्हाणी कुठं हुती ठावं हाय का तुला? घरामागं परड्यात. एक धोंडा आन् दोरीवर टाकल्यालं लुगडं. तांबडं फुटायच्या आत उरकायचं. तरी अंगावर एक तांब्या घेतला की हाक यायची. अनसूये, धार काढायची हाय. अनसूये, पोर रडतंय. अनसूये, च्या ठेव. तशीच ओल्या अंगानं पळायची मी. सासू गेली, जावा येगळ्या झाल्या, तरी हाका काय थांबल्या न्हाईत.”

मी मान वळवली नाही. त्या बोलत राहिल्या.

“हितं आले आन् दाराला कडी बघितली. पयल्या दिशी उदानं हाक मारली. माझी चावी कुठं हाय म्हणून. मी आतनं म्हणलं, आंगुळ करतीया. आन् त्यो गप बसला. शोधली चावी त्यानं त्याची. मग तू हाक मारलीस, पोरांनी मारली. आंगुळ करतीया म्हणलं की कुणी फुडं बोलायचं न्हाई. उभ्या जन्मात माझ्या दुसऱ्या कुठल्या उत्तराला एवढा मान मिळाला न्हाई बघ.”

मग त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “आंगुळ झाली तरी बसायची मी घटकाभर. काय न करता. नळ सोडून ठेवायची, म्हंजी तुमास्नी वाटावं, न्हातीया.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगायचं तर हसूही आलं, कारण दुपारी कपडे भिजवायच्या निमित्तानं त्याच बाथरूममध्ये, तोच नळ सोडून, मीसुद्धा तेच करत होते. घरात आम्ही दोघी बायका एकाच जागी लपत होतो आणि एकमेकींना पत्ता नव्हता.

मी ते त्यांना सांगितलं. आत त्या अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

दसरा झाल्यावर काम सुरू झालं आणि दिवाळीच्या तोंडावर संपलं. पांढऱ्या टाइल्स गेल्या, शेवाळी चौकोन आले, पाणी साचू नये म्हणून फरशीला उतार दिला, भिंतीला स्टीलचा दांडा बसला. आत्या रोज जाऊन उभ्या राहून यायच्या. पण कडीचं नाव काढलं की उदयराव उठून जायचे.

शेवटी मीच त्यांना एकटं गाठलं. “शब्द दिलाय तुम्ही.”

“दिलाय, माहितेय,” ते म्हणाले. आवाज चढेल असं वाटलं होतं, उलट तो बसलाच. “तू त्या दिवशी माझ्या मागं होतीस. मी दाराला धडका देत होतो आणि मला वाटत होतं, दार उघडू नये. पलीकडं आई नसलीच तर? अजून ते दार बघितलं की माझे हात गार पडतात.”

मागं आत्या दारात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या आत आल्या आणि लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

“उदा, नरकचतुर्दशीला तुला तेल मी लावणार हाय. तळपायापतूर लावीन. पुसायचं न्हाई. तसाच आत जा आन् पडून दाखीव. पडलास तर कडीचं नाव काढायची न्हाई मी.”

“आई, काहीतरीच काय!”

“पडून दाखीव,” आत्या म्हणाल्या, आणि गेल्या.

चतुर्दशीच्या पहाटे अंगणात पणत्या लावल्या, पाट मांडून भोवती रांगोळी काढली. आत्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या पायाशी उदयराव. गरम तेलाची वाटी मी हातात दिली. पावसाळ्यात पडलेली बाई दिवाळीला लेकाला तेल लावेल असं आमच्यातल्या कुणाला वाटलं होतं? त्यांनी लावलं. डोक्यावर थापलं, पाठीला चोळलं, आणि शेवटी ‘पाय वर कर’ म्हणून त्या भल्यामोठ्या बाप्याचे दोन्ही तळवे मांडीवर घेऊन तेलानं माखले. मी औक्षण केलं. उटण्यानं पिवळेधमक झालेले उदयराव आईनं केलेल्या हुकमाप्रमाणे दांडा न धरता बाथरूममध्ये शिरले.

आम्ही दोघी बाहेर कान देऊन उभ्या. आत पाणी पडलं. मग धप धप आवाज आला. ते पाय आपटत होते. मग सरपटल्यासारखा आवाज आला. ते घसरायचा प्रयत्न करत होते. मग एका पायावर उड्या मारल्याचा आवाज आला आणि आत्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

“पडला न्हाईस व्हय रं?” त्यांनी विचारलं.

थोड्या वेळानं उदयराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कानात उटणं तसंच राहिलेलं. ते तडक खोलीत गेले आणि हातात स्क्रू ड्रायव्हर आणि एक पाकीट घेऊन आले. पाकिटात कोरी करकरीत कडी होती.

“ही कधी आणलीत?” मी विचारलं.

“आणली होती,” ते म्हणाले. “आई, हे नीट बघ. ही आतून लागते. पण बाहेर ही खाच आहे, तिच्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. मी हाक मारली आणि तू बोललीच नाहीस, तर मी उघडणार.”

आत्यांनी कडी हातात घेऊन खालीवर बघितली. “आन् मी उत्तर दिलं तर?”

“तर नाही.”

“कशाची बी घाई असली तरी?”

“घराला आग लागली तरी,” उदयराव म्हणाले, आणि ओल्या अंगानं गुडघ्यावर बसून स्क्रू पिळायला लागले.

मी तेलकट फरशी गरम पाण्यानं आणि शिकेकाईनं घासून काढली. आत्यांनी बादली मागितली, टॉवेल मागितला, दांड्याला एकदा हात लावून खात्री केली आणि दार ओढून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. एवढासा आवाज तो. पण आत्यांनी ती काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. पोरं फटाक्यांसाठी ओरडत होती, त्यांना मी अंगणात पिटाळलं. उदयराव हातात नाणं धरून दाराशी उभे राहिले.

पाणी पडायला लागलं. तांब्याचे आवाज आले. मग तांब्या थांबला आणि नुसता नळ वाहत राहिला.

“आई?” उदयरावांनी हाक मारली.

नळ वाहत होता.

“आई!” त्यांच्या तोंडावरचा रंग पार गेला. नाणं खाचेत घातलं त्यांनी. मला माहीत होतं आत काय चाललंय, तरी माझाही जीव टांगणीला लागला.

“आंगुळ करतीया,” आतून आवाज आला. अगदी सावकाश, पाय पसरून बसलेल्या माणसाचा आवाज.

उदयरावांनी नाणं काढून घेतलं. दाराच्या चौकटीवर ठेवून दिलं आणि तिथंच भिंतीला टेकून, टॉवेलनं डोळे पुसत हसायला लागले. “चला,” मी म्हटलं, “फराळाची ताटं वाढू. त्यांना वेळ लागेल.”

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या. ते नाणं चौकटीवरच काळं पडलं, कुणाला घ्यावं लागलं नाही. आता त्या घरात आंघोळीला सगळ्यांत जास्त वेळ मला लागतो. बाहेरून सून हाक मारते, गॅस कुणी बंद केला, डबा कुठं ठेवला. मी शेवाळी चौकोनांवर दोन्ही पाय टेकवून बसलेली असते, अंग केव्हाच कोरडं झालेलं असतं.

“आंघोळ करतेय,” मी आतून सांगते. तीही पुढं काही विचारत नाही.